नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना व्हीआरवर शिकवताना: काय जमतं, काय जमत नाही?

निळीशाई
बी.एस्सी. नर्सिंगचा ६० जणांचा वर्ग, ६ व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचे, आत खोटा वॉर्ड दाखवणारे चष्मे), ३ ट्यूटर. हे चित्र आता बऱ्याच कॉलेजांत दिसतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासक्रमाने सिम्युलेशनला, म्हणजे खोट्या रुग्णावरच्या सरावाला, जागा दिली, त्यामुळे खरेदी होते. मग डबे कपाटात जातात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतात. ते टाळायचं तर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात:

१. कोणतं कौशल्य हेडसेटवर आणि कोणतं डमीवर (सरावाच्या माणसाएवढ्या बाहुलीवर)?
२. ६० जणांचं वेळापत्रक कसं बसवायचं?
३. वॉर्ड पोस्टिंगचे (खऱ्या रुग्णांमधल्या कामाचे) तास यातून कमी करता येतात का?

विक्रेत्यांची पत्रकं वाचून झाली आहेत. ती इथे चिकटवू नका, ही विनंती.

चिमटा
तपासणीच्या दिवशी निघतात ते बरंच आहे की. काही ठिकाणी डमीवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नसतं.

इन्चार्ज_बाई
पहिल्या प्रश्नापुरतं. कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी), ड्रेसिंग ही चार आधीच बाजूला काढा. हेडसेटचा कंट्रोलर फार तर हातात थरथरतो. कातडीतून जाताना लागणारा जोर, शीर लागल्यावर सुई एकदम सैल पडल्यासारखी वाटणं, रक्त दिसल्यावर कोन कमी करून दोन-तीन मिलिमीटर पुढे जाणं आणि मग सुई तिथेच धरून फक्त प्लास्टिक सरकवणं, यातलं काहीच बोटांना कळत नाही. व्हीआरमध्ये कॅन्युला हिरव्या गोलात नेली की 'यशस्वी'. अशी पन्नास यशं मिळवलेली मुलगी रबरी हातावर पहिल्याच वेळी शिरेच्या पार जाते, कारण थांबायचं कुठे हे तिला कोणी शिकवलेलंच नसतं.

हेडसेटवर घ्यायचं ते वेगळं. बिघडत चाललेला रुग्ण ओळखणं, काय आधी आणि काय नंतर हे ठरवणं, डॉक्टरांना फोनवर नीट सांगणं. थोडक्यात, हाताचं काम डमीवर आणि डोक्याचं हेडसेटवर.

नमुना म्हणून रक्त चढवतानाची रिॲक्शन घ्या. वॉर्डात विद्यार्थिनीला ती बघायला मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर तिला बाजूला उभं केलं जातं. व्हीआरमध्ये ती एकटी असते. पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळ थांबायचं. थंडी, ताप, कंबरदुखी, अस्वस्थपणा यांपैकी काही दिसलं की रक्त थांबवायचं, सेट बदलून नॉर्मल सलाईनवर लाईन चालू ठेवायची, डॉक्टरांना कळवायचं, पिशवी आणि रुग्णाची ओळख पुन्हा ताडून बघायची, पिशवी सेटसकट रक्तपेढीकडे पाठवायची. हमखास होणाऱ्या चुका दोन. एक, रक्त नुसतं हळू करून 'बघू या' म्हणणं. दोन, तोच सेट ठेवून त्यातून सलाईन सोडणं, म्हणजे नळीत उरलेलं रक्त पुन्हा रुग्णात जातं. दुसरी चूक पकडणारं सॉफ्टवेअर आहे का, हे विकत घेण्याआधी स्वतः मुद्दाम चुकून बघा.

घाटवाट
+१. 'मुद्दाम चुकून बघा' हा खरेदीसाठी सगळ्यात चांगला निकष आहे. डेमोच्या दिवशी विक्रेता सगळं बरोबर करून दाखवतो. आपण हात न धुता रुग्णाला हात लावायचा, ॲलर्जी न विचारता इंजेक्शन द्यायचं, कठडा खाली ठेवून निघून जायचं. सॉफ्टवेअर गप्प बसलं तर तो खेळ आहे.

शब्दवेल्हाळ
अवांतर: 'आभासी वास्तव' हा शब्द कुणीच कसा वापरला नाही?

चिमटा
'आभासी वास्तव कपाटाची किल्ली कुणाकडे आहे' हे मोठ्याने म्हणून बघा, उत्तर मिळेल.

शब्दवेल्हाळ
:) मान्य. पण मग 'मॅनिकिन' तरी म्हणा. डमी म्हणजे निवडणुकीतला.

इन्चार्ज_बाई
स्किल लॅबमध्ये डमीच म्हणतात हो, कपाटावर मॅनिकिन लिहिलेलं असलं तरी. आणि ती जुनी मंडळी आहेत, मान द्या. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयाने १९११ मध्ये बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली. तिला सगळे 'मिसेस चेस' म्हणायचे. कृत्रिम श्वास शिकवायची 'रेसुसी ॲन' आली १९६० मध्ये. म्हणजे खोट्या रुग्णावर शिकणं आपल्या धंद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, नवीन फक्त चष्मा.

वायरमन
तांत्रिक बाजू लिहितो, कारण बंद पडतं ते बहुतेक इथेच.

खोली: प्रत्येक हेडसेटला किमान २ मीटर × २ मीटर मोकळी जमीन. सलाईन स्टँड, टेबल फॅन, खुर्च्या बाहेर. हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी भिंती बघून जागा ओळखतो. त्याला कोरी पांढरी भिंत, मोठा आरसा आणि अंधार चालत नाही, आणि नर्सिंग लॅबची भिंत नेमकी कोरी पांढरी असते. भिंतींवर हात धुण्याचे, रक्तगटांचे वगैरे तक्ते लावा. पडद्यावरचे हात मध्येच उडून जाण्याचा त्रास बराच कमी होतो.

ऊन: भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला पडदा जळतो. पडद्यावर पिवळट ठिपका राहतो, तो दुरुस्त होत नाही. खिडकीपाशी चार्जिंगला ठेवू नका. ठेवताना भिंगं खाली किंवा झाकलेली.

नेटवर्क: कॉलेजचं वायफाय उघडल्यावर लॉगिनचं पान येत असेल तर हेडसेट तिथेच अडकतो. शिवाय अशा नेटवर्कवर एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी सोय बहुधा चालू असते, त्यामुळे हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर जात नाही. लॅबसाठी ५ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर घ्या. कास्टिंगला, म्हणजे चित्र टीव्हीवर पाठवायला, इंटरनेट लागत नसेल असं ॲप मिळालं तर उत्तम. हेडसेटबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर लाईट गेली की हेडसेट चालू आणि टीव्ही कोरा.

बॅटरी: मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ सारखा हेडसेट एका चार्जवर साधारण दोन तास चालतो. कंट्रोलरला प्रत्येकी एक पेन्सिल सेल. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे टक्केवारी आधीपासूनच कमी दिसते, घाबरू नका. अपडेट आदल्या रात्री करून घ्या. तास सुरू झाल्यावर आलेला अपडेट अर्धा तास खातो.

टायनसाइड
इंग्लंडातून लिहितेय. तिसऱ्या प्रश्नावर इथली चौकट: नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २३०० प्रत्यक्ष तासांपैकी ६०० तासांपर्यंत सिम्युलेशनला मुभा दिली आहे. पण त्यात डमी, अभिनय करणारे रुग्ण, पडद्यावरचे प्रसंग असं सगळं येतं. व्हीआर हा त्यातला एक भाग.

रानजाई
मग अमेरिकेचा अभ्यास तर ५०% म्हणतो! अर्धं पोस्टिंग सिम्युलेशनने बदललं तरी निकालात फरक पडला नाही असं होतं ना? आपल्याकडे एका रुग्णाभोवती पंधरा मुली उभ्या असतात. त्यापेक्षा हेडसेट कधीही बरा.

टायनसाइड
रानजाई, अभ्यास खरा आहे. तिथल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० कॉलेजांत केला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. गट तीन होते: नेहमीचं पोस्टिंग, २५% सिम्युलेशन आणि ५०% सिम्युलेशन. पण त्यात हेडसेट नव्हते. डमी आणि प्रमाणित रुग्ण (रुग्णाचा अभिनय करणारी माणसं) होते, शिकवणाऱ्यांना आधी प्रशिक्षण दिलं होतं आणि प्रत्येक प्रसंगानंतर ठरलेल्या पद्धतीने चर्चा होती. त्याच्या जोरावर 'व्हीआर घ्या, पोस्टिंग अर्धं करा' म्हणणं म्हणजे साजूक तुपातल्या शिऱ्याची पाककृती दाखवून डालडा विकणं.

निळीशाई
म्हणजे तिसऱ्याचं उत्तर सध्या 'नाही' धरायचं?

टायनसाइड
तास कमी करण्यासाठी नाही. पोस्टिंगच्या आधी तयारी म्हणून हो. लेबर रूमला जायच्या आदल्या आठवड्यात केलेला प्रसंग आणि सत्र संपल्यावर केलेला प्रसंग यांत फार अंतर आहे.

लेबररूम
लेबर रूमचा विषय निघालाच आहे तर एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदर किंवा बाळंतिणीला रक्तदाब वाढून येणारे झटके. हेडसेट कुठे कामाचा आणि कुठे दगा देतो, हे इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

झटका आल्यावरचा क्रम हेडसेटवर उत्तम बसतो: मदतीला हाक, डाव्या कुशीवर वळवणं, श्वासमार्ग, ऑक्सिजन, मग झटक्यांवरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट. प्रिचर्ड पद्धतीचा पहिला डोस: शिरेतून ४ ग्रॅम हळूहळू, आणि दोन्ही कुल्ल्यांत खोल स्नायूत ५-५ ग्रॅम. एकूण १४ ग्रॅम. पुढचा डोस ४ तासांनी ५ ग्रॅम. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, लघवी तासाला किमान ३० मिली होतेय का. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्क्यांचं १० मिली हाताशी हवं. हे 'थांब आणि बघ' शिकवायला व्हीआर छान. तीनपैकी एक गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये बिघडवून ठेवायची आणि मुलगी डोस रोखते का ते बघायचं.

दगा कुठे? आपल्याकडे ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) २ मिलीचं असतं, ५० टक्के, म्हणजे १ ग्रॅम. १४ ग्रॅम म्हणजे १४ ॲम्प्यूल फोडायचे. शिरेतल्या डोससाठी ४ ॲम्प्यूल, म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाईन किंवा डिस्टिल्ड वॉटर घालून २० मिली करायचं, तेव्हा ते २० टक्के होतं. व्हीआरमध्ये सिरिंज ट्रेवर टेकवली की भरते, दोन सेकंदांत. खऱ्या खोलीत वेळ जातो तो नेमका या भरण्यात, आणि मोठी चूकही तिथेच: पातळ न करता ५० टक्क्यांचं औषध शिरेतून देणं.

उपाय सोपा. एक मुलगी हेडसेटमध्ये, तिच्या शेजारी टेबलावर दुसरी मुलगी खऱ्या सिरिंजा आणि सरावाचे ॲम्प्यूल घेऊन. हेडसेटवाली तोंडी ऑर्डर देते, टेबलावरची खरोखर भरते, आणि 'तयार' म्हटल्याशिवाय हेडसेटवालीने इंजेक्शनला हात लावायचा नाही.

घाटवाट
हे भारी आहे. ऑर्डर ऐकून परत म्हणून दाखवण्याची सवयही यातच लागेल.

रानजाई
हात धुण्याच्या पायऱ्या तरी व्हीआरवर चालतील ना? कंट्रोलरशिवाय नुसत्या हातांनी करता येतं म्हणे.

वायरमन
तेच सगळ्यात वाईट चालतं. कॅमेऱ्याला दोन्ही हात वेगवेगळे दिसावे लागतात. बोटांत बोटं गुंफली, एक तळवा दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला, अंगठा मुठीत धरला, की एक हात दुसऱ्याआड लपतो आणि पडद्यावर बोटं वाकडीतिकडी होतात. मुलगी बरोबर करत असते आणि यंत्र चूक म्हणतं. बेसिनवर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, पुढचा प्रश्न नाही.

सीपीआरचंही (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) तसंच. हवेत दाबून ५ ते ६ सेंटिमीटर खोली कशी कळणार? १०० ते १२० चा वेग फार तर मोजता येतो.

चिमटा
काचेतून बाहेरून बघणाऱ्या प्राचार्यांना मात्र मुली देवी अंगात आल्यासारख्या दिसणार.

कोकणगाडी
मळमळण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ज्यांना घाटात बस लागते त्यांना हेही लागायची शक्यता जास्त. कारण तेच, पण उलटं: बसमध्ये शरीर हलतं आणि डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, इथे डोळ्यांना चालल्यासारखं वाटतं आणि शरीर उभंच असतं. सॉफ्टवेअरमध्ये कांडी ढकलून सरकत चालण्याऐवजी जागेवरून जागेवर उडी मारण्याचा पर्याय असतो, तो लावा. पहिली वेळ १० मिनिटांच्या वर नको. दोन डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे भिंगं जुळवा: क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ मिमी अशा तीनच खाचा आहेत, क्वेस्ट ३ ला चाक आहे. अंधुक दिसतंय अशी तक्रार आली की आधी पट्टा आणि हे अंतर बघायचं, चष्म्याचा नंबर नंतर.

अपस्मार असेल तर हेडसेट नको, तिला निरीक्षकाचं काम द्या. आणि गरगरत असेल तर लगेच स्कूटी काढू देऊ नका.

इन्चार्ज_बाई
त्यात आमच्याकडच्या दोन गोष्टी जोडा, ज्या कुठल्याही माहितीपुस्तकात नसतात. अंबाडा आणि टिकली. उंच अंबाड्यावर मागचा पट्टा बसत नाही, हेडसेट नाकावर घसरतो आणि सगळं पुसट दिसतं. त्या दिवशी वेणी किंवा मानेवर खाली बांधलेला अंबाडा. टिकली आधी काढून वहीवर लावायची, नाहीतर कपाळाच्या गादीला चिकटते आणि पुढचीच्या कपाळावर निघते.

स्वच्छतेचं: स्पंजची गादी काढून सिलिकॉनची लावा, ती पुसता येते. प्रत्येकीनंतर गादी आणि कंट्रोलर बिगर-अल्कोहोल वाइपने. भिंगांना फक्त कोरडं मायक्रोफायबर. हँडरब लागलेल्या बोटांनी भिंग पुसलं की त्याच्यावरचा थर जातो. डोळे आलेली मुलगी त्या आठवड्यात बाहेर.

टायनसाइड
आणि सॉफ्टवेअर परदेशी असेल तर शब्द तपासा. अमेरिकन असेल तर ॲसिटामिनोफेन म्हणजे पॅरासिटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रेनालिन, आल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. ब्रिटिश असेल तर साखर मिलिमोलमध्ये. पडद्यावर ३.२ दिसलं की १८ ने गुणायचं, म्हणजे जवळपास ५८ मिलिग्रॅम. हे न सांगता मुलीला आत सोडलं तर हायपोग्लायसेमिया (रक्तातली साखर उतरणं) ओळखायला लागलेला वेळ तिच्या ज्ञानाचा नसतो, एककाचा असतो.

लेबररूम
शिवाय तिकडचा रुग्ण खोलीत एकटा असतो. इकडे नातेवाईक नसलेला वॉर्ड दाखवा! हेडसेटचे स्पीकर कानाजवळ पण उघडे असतात, बाहेरचं ऐकू येतं. त्याचा फायदा घ्या. मुलगी श्वास मोजत असताना ट्यूटरने रुग्णाच्या सासूच्या आवाजात विचारायचं, "सिस्टर, पोरगा झाला का पोरगी? चहा दिला तर चालेल का हिला?" मोजणी न तोडता "मावशी, एक मिनिट थांबा" म्हणता येणं हे कौशल्य कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

चिमटा
सासूच्या भूमिकेसाठी ट्यूटरांची निवड कशी करायची, यावर वेगळा धागा काढा.

निळीशाई
:) दुसरा प्रश्न राहिलाय. सगळे ६ हेडसेट एकदम लावले तर प्रत्येकी घालायला ५, प्रसंग १५, पुसायला ५ अशी २५ मिनिटं. ६० जणांच्या १० फेऱ्या, म्हणजे ४ तास १० मिनिटं. आणि चर्चेला शून्य वेळ.

घाटवाट
सहा एकदम लावूच नका. ट्यूटर तीन आहेत, म्हणजे नीट चर्चा तीनच ठिकाणी होणार. तीन चालू, तीन चार्जिंगला. वर्गाचे दोन भाग करा. ३० पोस्टिंगला, ३० लॅबमध्ये, दहा-दहाचे तीन गट. एका तासात एक प्रसंग: १० मिनिटं आधीची सूचना, १५ प्रसंग, ३० चर्चा, ५ पुसणं. आठवड्याला दोन तास मिळाले तर ५ आठवड्यांत गटातल्या दहाही जणी एकेकदा आत जातात. मग भाग बदला, पुढचे ५ आठवडे. सत्रात बसतं. तिन्ही गट शक्यतो वेगवेगळ्या खोल्यांत, आवाज एकमेकांत मिसळतात.

रानजाई
म्हणजे पाच आठवड्यांत एक मुलगी फक्त १५ मिनिटं आत? बाकी नऊ जणी टीव्ही बघणार? याला शिकणं म्हणायचं?

घाटवाट
नुसत्या बसवल्या तर नाही. एक आत, एक टेबलावर औषधं भरणार, एक फोनवरचा डॉक्टर, एक शेजारी उभी राहून आतलीला भिंतीपासून सांभाळणार, एक केस शीटवर वेळेसकट नोंद करणार. उरलेल्या पाच जणींना एकेकच प्रश्न: हात कधी धुतले, रुग्णाची ओळख कधी पटवली, पहिलं धोक्याचं लक्षण दिसल्यापासून कृतीपर्यंत किती सेकंद गेले, असे. चर्चेत आधी आतलीला बोलू द्यायचं: कसं वाटलं. मग काय घडलं. मग का तसं केलं. 'का' विचारताना सूर उलटतपासणीचा नको: "तू रक्त हळू केलंस, थांबवलं नाहीस, त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?" एवढं पुरतं. तुमचं म्हणणं थोडं बरोबर आहे, म्हणून क्रम पाठ करायचे सोपे प्रसंग दुपारी मोकळ्या वेळात एकटीने करायला ठेवा. तिथे तीन जास्तीचे हेडसेट वापरा.

वायरमन
एकटीने करताना गुणांवर जाऊ नका. दुसऱ्या खेपेला गुण वाढतात ते बऱ्याचदा बटणं कळल्यामुळे. पहिली १० मिनिटं नुसत्या रिकाम्या खोलीत वस्तू उचलायचा सराव द्या, तो मोजू नका. आणि लॉगिनला मुलींची नावं न देता क्रमांक द्या, माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते ते करारात लिहून घ्या.

निळीशाई
ठरलं. पहिल्या सत्रात दोनच प्रसंग: रक्ताची रिॲक्शन आणि एक्लॅम्प्सिया, टेबलावरच्या सिरिंजांसकट. लेबररूम, सरावात फोडलेल्या ॲम्प्यूलची काच आणि सुया वेगवेगळ्याच टाकायला लावायच्या ना? डेमोमध्ये सगळं एकाच पिवळ्या डब्यात जात होतं.

लेबररूम
तो डबा ब्रिटिश पद्धतीचा. आपल्या २०१६ च्या नियमांत सुया पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि फुटलेली काच निळ्यात. पिवळा जाळायच्या कचऱ्याचा. सॉफ्टवेअरमधला रंग बदलून देतात का ते आधी विचारा. नाही म्हणाले तर आत टाकायची पायरीच बंद करून घ्या आणि टेबलापाशी दोन्ही खरे डबे ठेवा.